पाण्यापुरती माफी

माफी मिळाल्यामुळे माणसाची झोप उडू शकते, हे मला जळगावात कळलं. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये माझी नवी नोकरी होती. धुळ्याहून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून वडिलांनी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी ओळखीने स्टेशनपलीकडच्या वस्तीत एक मागची खोली बघून दिली. ‘आपल्याच लोकांचं घर आहे’ एवढ्या एका वाक्यावर त्यांनी मला तिथे सोडलं आणि निश्चिंत मनाने परतीची बस धरली. आपले लोक म्हणजे ख्रिस्ती लोक. घरमालकीण सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. मी आंटी म्हणू लागले.

पहिल्याच शनिवारी संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. आंटी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, काखेत छत्री धरून उभ्या होत्या. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

“मी तुला माफ केलं,” त्या म्हणाल्या.

“कशाबद्दल, आंटी?”

“ते आता मी विसरले.”

एवढं बोलून त्या वळल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या. मी अंथरुणावर पडल्या पडल्या आठवडाभराचं माझं वागणं तपासत राहिले. नळ उघडा राहिला होता का? त्यांच्या दोरीवर कपडे टाकले का? की चहाला ‘नको’ म्हटलं ते लागलं? सोमवारी न राहवून विचारलं, तर माझ्यावरच डाफरल्या. “माफ केलेलं उकरून काढतेस? लाज नाही वाटत?” म्हणजे माफी मिळाली ती मिळाली, वर बोलणीही खाल्ली.

पुढे कळलं की मी एकटी नव्हते. आंटी सोमवार ते शुक्रवार सगळ्या गल्लीशी भांडायच्या आणि शनिवारी सगळ्या गल्लीला माफ करत फिरायच्या. भांडणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाजीवाल्याशी मेथीच्या देठांवरून, पोस्टमनशी फाटकाच्या कडीवरून, समोरच्या पोरांशी क्रिकेटवरून. दवाखान्यात आयुष्यभर वॉर्डबॉयना ओरडून त्यांचा आवाज तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा झाला होता. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस भाजीवाल्याशी भांडतो, हे मला तेव्हा समजत नव्हतं. मला आपली गंमत वाटायची.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे शेटजी जैन होते, मूळचे मारवाडकडचे. शनिवारी पाच वाजले की ते पोत्यांच्या मागे जाऊन काहीतरी शोधू लागत. पण आंटी काउंटरवर छत्रीच्या मुठीने ठक ठक करायच्या.

“शेटजी, तुरीच्या डाळीत खडे होते. माफ केलं.”

“सिस्टर,” शेटजी हात जोडून म्हणायचे, “आमच्यातही क्षमा मागतात. पण वर्षातून एक दिवस! तुमचं दर हप्त्याला. आम्ही धंदा कधी करायचा?”

“वर्षभर मनात शिळं ठेववतं कसं तुम्हाला? आंबत नाही?”

शेटजी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवायचे. खडीसाखर तोंडात टाकून आंटी शिंप्याकडे जायच्या. हे म्हातारे मुसलमान मास्टर त्यांना लांबूनच येताना बघून स्टूल पुसून ठेवत. एकदा मास्टरना काय अवदसा आठवली कोण जाणे. आंटींनी ‘ब्लाउजच्या बाहीबद्दल माफ केलं’ म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “मैंने भी आपको माफ किया, सिस्टर.”

“मला? मी काय केलं?”

“वो तो मैं भूल गया.”

आंटी इतक्या भडकल्या की तिथेच नवं भांडण उभं राहिलं. ते मिटवायला पुढच्या शनिवारी पुन्हा जावं लागलं. मी हसून हसून बेजार झाले होते. त्या मात्र गंभीर होत्या. “माफी ही भाकरीसारखी असते,” मला म्हणाल्या, “एकदा थापून वर्षभर पुरत नाही. रोज पीठ मळावं लागतं.” मी आपली ‘हो आंटी’ म्हणून मोकळी झाले.

रविवारी आम्ही दोघी चर्चला जायचो. मी काही मोठी धार्मिक नव्हे. पण त्या घरात राहून रविवारी झोपून राहण्याची कुणाची छाती नव्हती. आंटी अगदी मागच्या, दाराजवळच्या बाकावर बसत. गाणी खड्या आवाजात म्हणत, निम्मी सुराबाहेर. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायची, भाकर आणि द्राक्षारस घेऊन चर्चची वडीलमंडळी बाकांमधून फिरायला लागली की आंटी हळूच उठायच्या आणि बाहेर जायच्या. व्हरांड्यात चपलांचा खच पडलेला असायचा. त्या खाली बसून एकेक जोडी सरळ लावून ठेवायच्या, लहान मुलांच्या पुढे, म्हाताऱ्यांच्या भिंतीला लागून. आतलं सगळं उरकेपर्यंत त्यांचं हे चाले.

मंडळीतल्या बायका भारावून जायच्या. “बघ, एवढी मोठी साक्ष असलेली बाई आणि लोकांच्या चपला लावते. नम्रता शिकावी तर सिस्टरकडून.” मलाही तसंच वाटलं. फक्त एवढंच मनात यायचं, की बाईंना स्वतःला भाकर घ्यायची असते की नाही? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर शनिवारी माफी घ्यावी लागली असती.

ती ‘मोठी साक्ष’ काय ते मला पहिल्या नाताळला कळलं. नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही करंज्या तळत होतो. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा असेल, काळासावळा, टोपी हातात, पायाशी गोणी. गोणीत भरताची वांगी होती, आपल्या खानदेशात मिळतात तशी हिरवी, हातभर लांब. आंटींनी हात पुसले. त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला, बशीत दोन करंज्या दिल्या. “पाऊसपाणी बरं होतं ना? घरचे बरे आहेत ना?” असं अगदी हळू, मऊ आवाजात विचारलं. त्यांचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता. तो खाली मान घालून ‘हा माय, हा माय’ म्हणत राहिला. एकदा त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आंटी लगेच म्हणाल्या, “अजून एक करंजी घे.” चहा संपला तसा तो उठला, त्यांच्या पायांना हात लावून निघून गेला.

संध्याकाळच्या आत आंटींनी सगळी वांगी गल्लीत वाटून टाकली. शेटजी वांगी खात नाहीत हे ठाऊक असूनही त्यांच्या गड्यासाठी दिली. एकही घरात ठेवलं नाही. “मला वांगं उष्ण पडतं,” म्हणाल्या. मी शेजारच्या बाईंकडे जाऊन कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत ओरपून आले, आणि तिथेच मला सगळं समजलं.

आंटींना एकच मुलगा होता. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी ड्युट्या करून वाढवलेला. धुळ्याला शिकत होता. मोटारसायकलवरून घरी येताना पारोळ्याच्या अलीकडे कापसाच्या ट्रकने त्याला उडवलं. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. तो हा माणूस, शिरपूरकडच्या एका खेड्यातला. दफनाच्या वेळी आंटींनी त्याला सर्वांसमोर क्षमा केली. तेव्हाच्या पाळकांनी तुरुंगात जाऊन त्याला तसा निरोपही दिला. सजा भोगून आल्यावर त्याने ट्रक सोडला, शेती धरली, आणि तेव्हापासून दर नाताळला एस.टी.ने गोणी घेऊन येतो. “आमच्या समाजात असं कुठं बघितलं नाही बाई,” शेजारच्या बाई भाकरी मोडत म्हणाल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण त्यांना हे सांगताना अभिमान वाटत होता.

मलाही वाटला. मी घरी येऊन आंटींना मिठीच मारली आणि म्हणाले, “आंटी, मला नसतं जमलं हो.” त्यांनी मला बाजूला केलं आणि करंजीचं सारण सांडल्याबद्दल ओरडल्या. मला तेव्हा ते विनयाचं लक्षण वाटलं. आता वाटतं, मी त्यांना किती दुखवलं होतं.

दुसऱ्या नाताळच्या आधी आमच्या चर्चला नवे पाळक आले. तरुण, उत्साही, बोलता बोलता टाळ्या घेणारे. त्यांनी ही कहाणी ऐकली आणि त्यांना राहवेना. नाताळला तो माणूस आला तेव्हा नेमके तेही घरी होते. त्यांनी त्याचा हात धरला, आंटींचा हात धरला आणि ठरवून टाकलं: नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेत, दोघांनी मंडळीसमोर उभं राहायचं. आई आणि ड्रायव्हर. आंटींनी साक्ष द्यायची आणि मग दोघांनी एकत्र भाकर घ्यायची. तो माणूस हिंदू होता, त्याने काय घ्यायची भाकर? पण उत्साहात असल्या गोष्टी सुचत नाहीत. तो बिचारा ‘माय म्हनी तसं’ एवढंच म्हणाला. पाळक गेल्यावर आंटींनी चहाची भांडी घासायला घेतली आणि तीच तीच बशी बराच वेळ घासत राहिल्या.

मग त्या माझ्याशी बोलल्या. माझ्याशी म्हणजे मोरीकडे तोंड करूनच.

“मी त्याला कधी माफ केलेलं नाही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“पेटी खाली उतरवायची होती. पाळकांनी हात वर केला आणि म्हणाले, आपल्या भगिनीने त्या ड्रायव्हरला ख्रिस्ताच्या नावाने क्षमा केली आहे. सगळे आमेन म्हणाले. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, बाळ. मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“माझा मुलगा समोर होता. तिथे पाळकांशी वाद घालू? आणि नंतर सगळे मला चांगली म्हणायला लागले. शिव्या दिल्या तर माणूस उलटून बोलतो. चांगलं म्हटल्यावर काय बोलणार?” बशी त्यांनी पुन्हा पाण्याखाली धरली. “पू असलेल्या जखमेला टाका घालायचा नसतो. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यांनी घातला. वरून बघणाऱ्याला छान दिसतं.”

मग मला चपलांचं कळलं. मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आम्ही बहुतेक जण तरीही घेतो, मीही घेते. या बाईने इतकी वर्षं घेतली नव्हती. आणि उठून जाताना कुणी विचारू नये म्हणून चपला लावत बसत होती. त्यालाही लोकांनी नम्रता म्हटलं.

“आणि शनिवारचं?” मी विचारलं.

“मोठं वजन उचलेना. म्हणून लहान लहान उचलून बघते. शेटजीचे खडे. मास्टरची बाही. तुझं ते…” त्या थांबल्या. “विसरले म्हटलं ना.”

मला रडू आलं. मी त्यांच्या शनिवारांवर घरी फोन करून किती विनोद केले होते.

त्या रविवारचा आदला दिवस म्हणजे शनिवार, माफीचा दिवस. आंटींनी सकाळीच पांढरी साडी नेसली, छत्री घेतली आणि मला म्हणाल्या, “चल. लांब जायचंय.” त्यांचे गुडघे दुखत, एकटीने एस.टी.त चढणं अवघड होतं. मी सुट्टी टाकली. चोपड्यावरून शिरपूरची बस, तिथून खचाखच भरलेली काळी-पिवळी जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी होऊन गेलेली कपाशी उभी होती आणि समोर सातपुडा दिसत होता. जीपवाल्याने सुटे पैसे नाहीत म्हटलं तरी आंटी त्याच्याशी भांडल्या नाहीत. मला भीतीच वाटायला लागली.

त्याचं घर गावाच्या कडेला होतं. त्याच्या बायकोने आम्हाला बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. त्याने घाईघाईने खाट टाकली, वर गोधडी अंथरली. आंटी बसल्या नाहीत.

“मी सांगायला आले आहे,” त्या म्हणाल्या. “मी तुला माफ केलेलं नाही. तुरुंगात निरोप दिला तो माझा नव्हता. उद्या मी तिथं उभी राहून खोटं बोलू शकत नाही.”

तो उन्हात उभा होता. त्याने टोपी काढली.

“माले मालूम शे, माय.”

“काय मालूम आहे?”

“पहिल्याच साले मालूम पडनं. मनी वांगी तुम्ही घरमा ठेवतस नही. तुमनी शेजारनी बाईनी सांगं.”

“मग कशाला येतोस दर वर्षी?”

“तुम्ही दार लावतस नही. म्हनीसन येस.”

आंटींनी छत्री खाटेवर ठेवली. आपल्याला आता परत फिरायचं आहे असं समजून मी पिशवी उचलली होती. पण त्या म्हणाल्या, “सांग. त्या दिवशी काय झालं ते सांग. मी तुला कधी बोलू दिलं नाही.”

त्याने सांगितलं. त्याची बायको तोंडाला पदर लावून उंबऱ्याशी बसली. “दुपारनी येळ व्हती, माय. गाडी कापूसनी भरेल. माले डुलकी लागनी. डोया उघडा, ते पोऱ्या रस्तावर पडेल व्हता. मी पळनू नही. गाडी थांबाडी, त्यानं डोकं मांडीवर लिधं. त्यानी मनाकडे देखं. ‘काका, तुमले लागनं का?’ आसं इचारं माले.” त्याने टोपीने तोंड पुसलं. मग म्हणाला, “मंग पाणी मांगं. मनी बाटलीमधलं पाणी मी पाजं.”

मी आंटींकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

“पाणी पाजलंस?” त्या म्हणाल्या.

“हा माय.”

“डोकं मांडीवर घेतलंस? मान उचललीस त्याची?”

“हा…”

“अरे मूर्खा!” आंटींचा आवाज इतका चढला की गोठ्यातली म्हैस बिचकली. “मान उचलतात? पडलेल्या माणसाची मान उचलतात? आणि पाणी? शुद्ध हरपणाऱ्याच्या घशात पाणी ओततात? श्वासात जातं पाणी! कुणी शिकवलं तुला? एवढ्या गाड्या चालवल्या, एवढं कळलं नाही? सरळ ठेवायचं, हलवायचं नाही, तोंड ओलं करायचं फक्त! ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे! तेवढं तरी करायचंस!”

शेजारपाजारची माणसं गोळा झाली. आंटी बोलतच होत्या. तो मान खाली घालून उभा होता आणि ‘चुकनं माय, चुकनं’ म्हणत होता. मला आधी लाज वाटली, आणि मग एकदम लक्षात आलं. हा तोच आवाज होता, मेथीच्या देठांचा, कडीचा, तुरीच्या डाळीचा. इतकी वर्षं त्यांनी या माणसाला करंज्या दिल्या होत्या, पाऊसपाणी विचारलं होतं, आणि एकदाही त्याच्याशी भांडल्या नव्हत्या.

दम लागला तशा त्या खाटेवर बसल्या आणि रडल्या. पदर डोळ्यांना न लावता, उघड्या तोंडाने, लहान मुलं रडतात तशा. त्याच्या बायकोने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी हातातली पिशवी खाली ठेवली. बऱ्याच वेळाने त्यांनी छत्री उचलली. “उद्या येऊ नकोस,” त्याला म्हणाल्या. “नाताळला ये.”

“बरं, माय.”

घरी आलो तेव्हा शेटजी दुकान बंद करायचे थांबले होते. “सिस्टर आज आल्या नाहीत,” मला बाजूला घेऊन म्हणाले, “तब्येत ठीक आहे ना?” मास्टरांनीही पोराला पाठवून चौकशी करून घेतली होती.

रविवारी पाळकांनी मोठी प्रस्तावना केली. ड्रायव्हर आला नाही म्हणून ते थोडे नाराज होते, पण आंटींना पुढे बोलावलं. त्या मागच्या बाकावरून उठल्या आणि जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

“माझ्या नावाने जे सांगतात, ते मी कधी म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “काल मी त्याच्याकडे गेले होते. त्याने माझ्या मुलाला पाणी पाजलं, ते चुकीचं होतं. त्या पाण्याबद्दल मी त्याला माफ केलं. तेवढंच झालंय. बाकीचं राहिलंय. माझ्यासाठी प्रार्थना करा.”

कुणी आमेन म्हटलं नाही. सगळ्या माना मागे वळलेल्या होत्या. पाळकांनी हार्मोनियमवाल्याला गाणं सुरू करायची खूण केली. भाकर फिरायला लागली तशा आंटी बाहेर गेल्या, चपलांकडे.

उपासना संपल्यावर एकही बाई त्यांच्याशी बोलायला आली नाही. ज्या दर रविवारी हात हातात घ्यायच्या त्या आपापली पायताणं घालून निघून गेल्या. कुणीतरी माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणालं, “गावाला माफ करत फिरते, आणि ज्याला करायचं त्याला नाही.” पाळक वाईट नव्हते, पण त्यांनी आंटींना पुन्हा कधी पुढे बोलावलं नाही, आणि साक्षीची ती गोष्ट प्रवचनातून नाहीशी झाली. घरी प्रार्थनेला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. आंटी मागच्या बाकावर एकट्या बसत. पहिल्या रविवारी चपला लावत, आणि आता त्याला कुणी काही म्हणत नसे. मला त्या माणसांचा फार राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवण्याची युक्ती मला आंटींसारखी जमलेली नाही.

लग्न होऊन मी धुळ्याला परत आले. नाताळला मात्र न चुकता फोन करायची.

“तो आला होता?”

“आला होता. मान उचलली त्याबद्दल माफ केलं.”

“वांगी?”

“एक ठेवलं. मीठ जास्त पडलं भरतात.”

पुढच्या वर्षी कोर्टातलं काहीतरी माफ झालं. त्याच्या वकिलाने मुलाच्या वेगाबद्दल बोललेलं एक वाक्य होतं म्हणे, आणि तो ते ऐकून गप्प बसला होता. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. दर वेळी त्या त्याला बसवून, भांडून, मग माफ करत. आणि काय माफ झालं, काय राहिलं, हे त्याला सांगून पाठवत. शेवटी मी विचारलं, “आता काय राहिलं, आंटी?”



“डुलकी,” त्या म्हणाल्या. “ती जड आहे गं.”

त्या गेल्या त्या पुढच्याच वर्षी, दिवाळीनंतर, नाताळच्या आधी. घरात एकट्याच होत्या. दूध तसंच पडलेलं बघून शेजारच्या बाईंनी दार ढकललं, ते उघडंच होतं. दफनाला माणसं थोडी होती. पाळक, वडीलमंडळीतले दोघं-तिघं, शेटजी, काठी टेकत आलेले मास्टर, भाजीवाला. माती टाकून झाली, प्रार्थना झाली, सगळे पांगले. मी फुलं नीट करत होते तेव्हा मागे थांबलेला तो ड्रायव्हर जवळ आला. फार म्हातारा दिसत होता. या वेळी त्याच्याबरोबर गोणी नव्हती.

“ताई,” तो म्हणाला, “माय काही बोलनी का? डुलकीबद्दल?”

हो म्हणायला माझं काय जात होतं? आंटी उठून मला विचारणार नव्हत्या. तो हे ऐकायलाच एवढ्या लांबून आला होता, आणि यापुढे त्याला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. ‘हो’ माझ्या ओठांवर आलेलं होतं. त्याने टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“नाही,” मी म्हटलं. “तेवढं राहिलं.”

त्याने मान हलवली. खाली वाकून ओल्या मातीवरचा एक खडा उचलून बाजूला टाकला.

“बरं करं, खरं सांगं ते,” त्याच मातीवर हात ठेवून तो म्हणाला. “मंग नाताळले मी आठेच येसू.”